रंगाने जड झालेला ग्रह

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी त्याला एका ग्रहामागे बापाचा हात दिसला. बाप जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते, त्यामुळे हे तसं नियमात बसणारं नव्हतं. पण नियमानेच बोलायचं तर तो ग्रहही ग्रह नव्हता. तो रबरी चेंडू होता, आणि त्याच्यामागचं अथांग अवकाश म्हणजे काळा रंग मारलेलं प्लायवुड होतं. त्याला बारीक भोकं पाडून मागे एक बल्ब लावलेला असायचा. त्याने फ्रेम थांबवली, पेन टेबलावर ठेवलं आणि लगेच पुन्हा उचललं, कारण रिकाम्या हाताचं काय करायचं ते त्याला सुचेना. पडद्यावर ग्रहाच्या डाव्या काठावरून दोन बोटं डोकावत होती, मागे अंगठ्याचा जाड बुंधा आणि मनगटाची सुरुवात. मनगटाच्या पुढे चित्र संपत होतं. बाकीचा बाप चित्राबाहेर होता, आणि तो तर आठ महिन्यांपूर्वीपासूनच बाहेर होता. शेजारच्या टेबलावर आवाज साफ करणारा बसायचा. सगळे त्याला खरखर म्हणत. तो कानावरचा हेडफोन अर्धा सरकवून म्हणाला, "काय रे खोडरबर, भूत बघितलंस का?" त्यावर तो म्हणाला, "नाही रे. हात आहे एक." "मग पूस की," खरखर म्हणाला आणि हेडफोन परत जागेवर ठेवला. त्याच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता.

पुसणं हाच त्याचा धंदा होता. जुन्या फिल्मची रिळं यंत्रातून जात, त्यांचं चित्र संगणकावर येई, आणि मग त्या चित्रात जे असायला नको होतं ते नसल्यासारखं करायचं, एकेक फ्रेम, सेकंदाला पंचवीस. बहुतेक वेळा धूळ, ओरखडे, केस. कधीकधी त्याहून मोठं काही. एका राजाच्या दरबारात मागे उभा असलेला भालदार भर राज्याभिषेकात जांभई देत होता, त्याचं तोंड त्याने मिटवलं होतं. एका तपस्व्याच्या मनगटावरचं घड्याळ काढलं होतं, आणि काढण्याआधी त्यात किती वाजलेत ते पाहून ठेवलं होतं, का कोण जाणे. त्याची पुसलेली जागा कोणाला सापडत नसे. या कामाची गंमत अशी होती की ते चांगलं झालं तर झालेलं दिसतच नाही, त्यामुळे सोळा वर्षांत कोणी त्याची पाठ थोपटली नव्हती, आणि न थोपटणं हीच थोपटणी असं तो मनाला सांगत असे. मुलीने शाळेत 'माझे बाबा' या निबंधात पहिलंच वाक्य लिहिलं होतं, 'माझे बाबा पुसतात.' बाईंनी शेजारी लाल शाईत विचारलं होतं, 'काय?' आता त्याच्यासमोर दोषांची यादी पडली होती. यादी करायचं काम विभागप्रमुख बाईंचं. लांबून धुळीचा कण टिपत म्हणून सगळे मागे त्यांना घार म्हणत. त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं: भाग सतरा, दोष तेवीस, ग्रहामागे हात, अकरा फ्रेम, काढणे. शुक्रवारपर्यंत.

मालिकेचं नाव होतं 'यान क्रमांक नऊ'. लोक तिला नुसतं नऊ नंबर म्हणत, त्यामुळे परक्याला वाटे की बसबद्दल बोलणं चाललंय. "नऊ नंबर लागली का?" "लागेल आता, साडेसहाला." सात माणसं एका यानातून घरी निघालेली असत आणि दर आठवड्याला भलत्याच ग्रहावर पोचत. शेवटी कप्तान गोल खिडकीतून बाहेर बघे, मान हलवी आणि म्हणे, "हे आपलं नाही." मग यान पुढे. हे वाक्य तेव्हा घराघरांत शिरलं होतं. ऑफिसात दुसऱ्याचा डबा उघडला गेला तर, धोब्याकडून परकी चादर आली तर, एवढंच काय, त्याच्या काकाच्या लग्नात वधू मांडवात आली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हे वाक्य म्हटलं होतं आणि मारामारी होता होता राहिली होती. त्याचा बाप त्या मालिकेत ग्रह करायचा. म्हणजे असं, की पैसे होते एका चेंडूपुरते. पहिल्या भागात निळा ग्रह लागला, तोच चेंडू दुसऱ्या आठवड्यात खरवडायला वेळ नाही म्हणून वरूनच लाल रंगवला, तिसऱ्यात पिवळा. रंगावर रंग चढत गेला. आठव्या भागापर्यंत बाप म्हणू लागला की ग्रह वजन धरतोय. बाराव्या भागापासून त्याने साधा दोरा सोडून मच्छीमारांचा दोरा लावला. जेवताना तो याबद्दल अशा सुरात बोलायचा, जसं कोणी घरातल्या दिवस गेलेल्या बाईबद्दल बोलावं.

आणि सगळ्यात मोठा येडेपणा म्हणजे मालिका काळ्या-पांढऱ्यात दिसायची. ग्रह हिरवा असो की जांभळा, लोकांच्या घरी तो करडाच पोचायचा. तरी बाप संहितेत लिहिलेलाच रंग शोधून आणायचा. दिग्दर्शकाने त्याला एकदा म्हटलं म्हणे, "अहो पेंटर, चुना फासा की, कोण बघतंय!" त्यावर बाप म्हणाला होता, "हिरव्याचं करडं वेगळं असतं साहेब." त्यामुळे त्या आठवड्याचा ग्रह खरा कुठल्या रंगाचा आहे हे सगळ्या जगात फक्त एका आठ वर्षांच्या पोराला माहीत असे, कारण बाप घरी यायचा तेव्हा नखांच्या कडांना तो रंग असायचा. रॉकेलने घासलं तरी जायचा नाही. ताटात वाढताना आई म्हणायची, "आज कुठल्या लोकांतून आलात? हात धुवा आधी." पोरगं शाळेत जाऊन जाहीर करायचं की या वेळचा ग्रह नारिंगी आहे. मुलं म्हणायची, हा काय तिथे जाऊन आलाय मोठा! असं काही ठाऊक असणं, जे सिद्ध करता येत नाही आणि ज्याचा काडीचा उपयोग नाही, हे त्याला त्या वयात फार श्रीमंतीचं वाटे. पुढे कधीच तितकं वाटलं नाही.

त्याला बापाचं एकच वाईट वाटायचं, की तो दिसत नाही. शाळेत एकाचे वडील गणवेश घालून चौकात उभे राहत, एकाचे बँकेत काचेमागे बसत. ह्याचा बाप टीव्हीत काम करतो असं सांगितलं की मुलं विचारत, कोण, कप्तान? मग, तो राक्षस? नाही, ग्रह. ग्रह काय असतो, ग्रह काम करतो का? एका रविवारी त्याने बापाकडे भोकाड पसरून मागणी केली की तुम्ही टीव्हीत दिसाच. बाप चेंडू दोन गुडघ्यांत धरून निळा हात मारत होता. तो म्हणाला, "मी दिसलो तर नोकरी जाईल, बाळा. माझं काम न दिसायचं आहे." पण पोरगं ऐकेना. तेव्हा बापाने ब्रश डब्यात उभा केला, जरा विचार केला आणि म्हणाला, "बघू. सतराव्या भागात बघ. डोळे उघडे ठेव मात्र." बापाची बोटं त्या दिवशी निळी होती. निळा फक्त पहिल्या भागात लागला होता, घर सोडताना. म्हणजे सतराव्या भागात ते घरी पोचणार होते, हेही जगात फक्त त्यालाच कळलं.

त्या संध्याकाळचं त्याला काय आठवतं? आठवतं ते फार नीट आठवतं, आणि म्हणूनच त्याचा त्या आठवणीवर विश्वास नाही. पलंगाची कड, मांडीला टोचणारी चादरीची शिवण, मागे आई काहीतरी निवडत बसलेली, तिच्या सुपातला आवाज. बाप खुर्चीवर न बसता टीव्हीच्या शेजारी जमिनीवर बसला होता, भिंतीला पाठ लावून. यान निळ्या ग्रहावर उतरलं. रस्ते होते, दिवे होते, कप्तानाच्या घराचा दरवाजाही होता, पहिल्या भागातलाच, मधोमध चीर गेलेला. पण इतकी वर्षं उलटली होती की दारात आलेल्या म्हाताऱ्या बाईने कप्तानाला ओळखलं नाही, आणि तिने ओळखलं नाही म्हणून कप्तानानेही दार ओळखलं नाही. तो परत यानात चढला. पोरगं पलंगावर उभं राहून ओरडलं, "अरे थांब, आपलंच आहे ते! निळं आहे!" कप्तान गोल खिडकीतून खाली बघू लागला, ग्रह पडद्यावर डुगडुगत आला, आणि पोराला अचानक हाताची आठवण झाली. आता का? असं विचारायला त्याने बापाकडे पाहिलं. बापाच्या एका गालावर टीव्हीचा उजेड होता. अर्धा सेकंद. तो परत वळला तेव्हा ग्रह लहान लहान होत चालला होता आणि कप्तान म्हणत होता, "हे आपलं नाही."

"बघितलास ना?" बापाने विचारलं.

"हो."

"काय केलं हाताने?"

"टाटा केला," तो म्हणाला. हात आणखी काय करणार?

बापाने आपल्या नखांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरोब्बर."

तो भाग पुन्हा कधी लागला नाही. बाकीचे पंचवीस भाग अधूनमधून लागत राहिले, पण सतराव्याचं रीळ हरवलं. मालिकेच्या वेड्या भक्तांनी पुढे त्यावर लेख लिहिले, एकाने तर तो भाग कधी नव्हताच असं सप्रमाण सिद्ध केलं. गेल्या वर्षी एका निवृत्त प्रोजेक्टरवाल्याच्या न्हाणीघरात त्या रिळाचा डबा सापडला. तो माणूस एकोणीस वर्षं त्यावर बसून अंघोळ करत होता.

दुपारी खरखर जेवायला गेल्यावर त्याने त्या अकरा फ्रेम एकामागून एक पाहिल्या, मग उलट, मग पुन्हा सरळ. पहिल्या तीनांत हात नुसता आत येतो. चौथीत अंगठा आणि करंगळी चेंडूला खालून धरतात. पाचवीत मधली दोन बोटं काठावर सरळ असतात. सहावीत ती वाकलेली. सातवीत परत सरळ. मग हात जातो. टाटा कुठेच नव्हता. दोन बोटं, एकदा. बापाला सायकलवर मागे वळून बघता यायचं नाही. दोनदा प्रयत्न केला होता, एकदा दूधवाल्यावर पडला होता. त्यामुळे सकाळी कामावर निघताना तो एक हात पाठीमागे न्यायचा आणि गॅलरीतल्या पोरासाठी न वळताच मधली दोन बोटं वाकवायचा. याला काही नाव नव्हतं. याचा अर्थ, तू उभा आहेस ते मला माहीत आहे, एवढाच. गल्लीच्या टोकापर्यंत ती बोटं दिसायची.

म्हणजे बापाला त्याच क्षणी कळलं होतं. टाटा केला असं पोराने म्हटलं त्या क्षणी. आणि तो बरोब्बर म्हणाला. पुढे अडतीस वर्षं दोघांनी ते बरोब्बर तसंच चालू ठेवलं, पाहुण्यांपुढे सांगितलं, "आमच्या ह्याने बघितलाय ना माझा हात, एकट्याने!" बाप म्हणायचा, आणि हा मान हलवायचा. त्याला आता असं वाटलं, की आपण खोटं बोलून बापाला आनंद दिला या समजुतीवर आपण बरंच काही उभं केलं होतं, आणि खरं तर उलट होतं. तो खुर्चीतून उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. बापाचं हलतं चित्र दुसरं कुठलंच नव्हतं. एकदा त्याने फोनवर घ्यायचा प्रयत्न केला होता, तेव्हा बापाला तो फोटो वाटला आणि तो पूर्ण तीस सेकंद श्वास धरून बसला. रेकॉर्डिंग बंद केल्यावर म्हणाला, "झाला का?" ते तीस सेकंद फोनमध्ये अजून होते. त्यात फक्त मागचा पडदा हलत होता. आणि इथून तर एक फ्रेमही बाहेर नेता येत नव्हती. फोन सकाळीच दारावरच्या कपाटात ठेवावे लागत, यंत्राला बाहेरची वायर लावली तर घारीच्या टेबलावर दिवा लागे. जे होतं ते या पडद्यावर होतं, अकरा फ्रेम, अर्ध्या सेकंदाहून कमी. ते शुक्रवारपर्यंत त्यालाच पुसायचं होतं. पुसल्यावर मूळ रीळ गोदामात जाणार होतं, आणि तिथून आजवर काही परत आलेलं नव्हतं.

संध्याकाळी तो आईकडे गेला. आई दोन बस पलीकडे एकटी राहायची आणि तिला ते आवडायचं, किंवा तसं ती म्हणायची. तिने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "काय झालं? आज काय वार आहे?" म्हणजे तो वार नसताना आला होता. त्याने सांगितलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, ऐकताना तिने धुतलेला कप परत धुतला.

"मुद्दाम कशाला घालतील हात?" ती म्हणाली. "दोरा तुटत होता. सतरा वेळा रंगवलेला गोळा तो, केवढा जड! ह्यांनी धरला नसता तर आपटला असता खाली. रीळ तेवढंच शिल्लक होतं, दुसऱ्यांदा घेता आलं नसतं."

"पण बोटं वाकवलीत, आई. आपल्यासारखी."

"ओला रंग होता. निसटत असेल." मग जरा थांबून, "तुला काय पाहिजे ते समज."

"पण मला सांगितलं होतं की सतराव्यात बघ म्हणून."

"ते तुला गप्प करायला. तू काय कमी रडायचास?" तिने कप उपडा ठेवला. "नोकरी गेली त्यात, माहितीये ना?"

त्याला माहीत नव्हतं. त्याला सांगण्यात आलं होतं की मालिका संपली. मालिका त्यानंतर नऊ आठवडे चालू होती आणि तो दर आठवड्याला ती बघत होता, बाप शेजारी बसलेला असायचा, आणि त्या पोराच्या डोक्यात हे दोन तुकडे कधी एकमेकांना भेटले नाहीत. आईने सांगितलं की पत्रं आली. चांगली पोतंभर. हात कोणाचा, असं लोकांनी विचारलं. एका गावातल्या शिक्षकाने बारा पानी पत्रात लिहिलं की साक्षात विश्वाच्या निर्मात्याचा हात दाखवून मालिकेने फार मोठं धाडस केलं आहे. दिग्दर्शकाला ते आवडलं, तो दोन दिवस ही माझीच कल्पना म्हणून सांगत फिरला. मग वरून विचारणा झाली की निर्मात्याचा हात दाखवायला परवानगी कोणी दिली. तेव्हा मात्र तो हात पेंटरचा निघाला. "लेखी मागितलं ह्यांच्याकडे, की हात चुकून आला की जाणूनबुजून. चुकून लिहिलं असतं तर राहिले असते."

"मग काय लिहिलं?"

"मला काय दाखवलं का?" आई म्हणाली. "पण घरी आले तेव्हा हसत होते. मी म्हटलं, नोकरी घालवून हसताय काय! तर म्हणाले, पोराने बघितला ना, झालं तर मग."

पुढची तीस वर्षं बापाने गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवल्या. काळ्यावर पांढरे, पांढऱ्यावर काळे. हात स्वच्छ घेऊन घरी यायचा. निघताना दाराशी त्याने चपला घालत घालत विचारलं, "बाबांनी स्वतः बघितला का गं तो हात? त्या दिवशी?"

"ते कुठले बघतात!" आई म्हणाली. "ते तुझ्याकडे बघत होते. मी मागून म्हणतेय, अहो, आला आला. तर कुणाचंच लक्ष नाही. मीच बघितला काय तो." तिने दाराची कडी हातात धरली होती. "चांगला होता," ती म्हणाली. "हात."

बसमध्ये त्याने तो चेहरा पुन्हा आठवून पाहिला. एका गालावर उजेड. दोन्ही डोळे समोर. हे इतक्या वर्षांत कसं लक्षात आलं नाही? एखाद्याचे दोन्ही डोळे आपल्याला पूर्ण दिसतात तेव्हा तो आपल्याकडेच बघत असतो. टीव्ही शेजारी होता आणि बापाने तिकडे पाठ केल्यासारखीच होती. म्हणजे तो हात मागच्या बाजूला ग्रह सावरत, नोकरी घालवत, बोटं वाकवत होता, आणि ज्याने तो घातला तो आणि ज्याच्यासाठी घातला तो, दोघेही एकमेकांची तोंडं बघत बसले होते. आणि बापाला हेही माहीत होतं, कारण त्याला पोराचे दोन्ही डोळे पूर्ण दिसत होते. शेजारच्या सीटवरच्या बाईने त्याला विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तो म्हणाला, "नाही, उतरायचंय," आणि दोन स्टॉप आधी उतरला.

बुधवारी त्याने धूळ पुसली. गुरुवारी सकाळी ओरखडे. गुरुवारी दुपारी दोषांच्या यादीत तेवीस सोडून काही उरलं नाही. पुसायची पद्धत अशी, की जे काढायचं त्याच्या कडेने आधी पेन फिरवायचं. अगदी कडेने, केसभरही आत-बाहेर नाही. कडा नीट लागली की मगच आतलं जातं आणि मागचं अवकाश त्या जागी भरता येतं. म्हणजे हात पुसायचा तर आधी तो पूर्ण गिरवावा लागतो. त्याने अकरावी फ्रेम घेतली, जिथे फक्त एका बोटाचं टोक होतं. नख. नखाच्या कडेला गडद करडी रेघ होती. तो निळा होता. इथे बसलेल्या कोणालाही ते करडं दिसलं असतं, पण त्या करड्यात निळा होता हे त्याला माहीत होतं. हिरव्याचं वेगळं असतं. त्याने कडा गिरवली आणि बोट गेलं. मग पहिली. मग दहावी, मग दुसरी, असा तो दोन्ही बाजूंनी आत येत राहिला. अंगठ्याच्या बुंध्यावरची सुरकुती, करंगळीचं थोडं वाकडं पेर, मनगटावरचा तीळ. तो तीळ त्याला माहीतच नव्हता. दवाखान्यात शेवटचे पाच दिवस हाताला सुया आणि चिकटपट्ट्या होत्या. नर्सने सांगितलं होतं, हात लावू नका, हलेल. तो पाच दिवस पलंगाशेजारी आपले हात मांडीवर घेऊन शहाण्यासारखा बसला होता. आता पेनाचं टोक मनगटावरून बोटांच्या फटीत उतरत होतं, परत वर चढत होतं. घाई करून चालणारं काम नव्हतं. खरखर म्हणाला, "अरे, एक हात पुसायला किती वेळ? मी एवढ्यात अख्खं वादळ साफ केलं." तो म्हणाला, "कडा कठीण आहे." सहा वाजता दहा फ्रेम झाल्या. सहावी राहिली. त्यात दोन बोटं वाकलेली होती. त्याने पेन उचललं, मनगटापासून सुरुवात केली, अंगठा, पहिली फट. तिथे थांबला. ही एक झाली की हात कधी नव्हताच. तो भक्त म्हणाला होता तसं सप्रमाण सिद्ध होणार होतं. त्याने गिरवलेली रेघ पुसली, आणि यादीत तेवीस क्रमांकापुढे 'साफ' असं लिहिलं.

शुक्रवारी घारीने भाग तपासला. त्या नेहमी उभ्यानेच बघत, हाताची घडी घालून. ग्रह डुगडुगला, स्थिर झाला, लहान होत गेला. त्यांनी हात वर केला. खरखरने थांबवलं. त्या पडद्याजवळ गेल्या, चित्र एकेक फ्रेम मागे घेत गेल्या आणि सहावीवर थांबल्या. खोलीत पंख्याचा आवाज होता.

"ही राहिली का?" त्यांनी विचारलं.

सोळा वर्षांत त्याचं काही राहिलं नव्हतं. "हो मॅडम," तो म्हणाला. "राहिली."

त्या बराच वेळ त्या दोन बोटांकडे बघत होत्या. मग त्यांनी त्याच्या टेबलाकडे पाहिलं, टेबलावरच्या त्याच्या हाताकडे. "पंचविसावा हिस्सा सेकंदाचा," त्या म्हणाल्या. "कोणाच्या बापाला दिसणार आहे?" आणि सही करून निघून गेल्या. हे त्या नेहमीच म्हणत का आजच म्हणाल्या, ते त्याला आठवेना.

भाग पुढच्या महिन्यात रविवारी संध्याकाळी लागला, हरवलेला भाग म्हणून मोठी जाहिरात करून. आईला त्याने बोलावलं होतं. ती म्हणाली, "मला नको. मला त्या कप्तानाचा राग येतो." बायको ड्युटीवर होती. मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, गुडघ्यावरची खपली काढत. त्याने तिला सांगितलं होतं की ग्रहामागे आजोबांचा हात येणार आहे, अगदी थोडा वेळ, डोळे उघडे ठेव. तिने विचारलं, "पापणी लवली तर?" तो म्हणाला, "तर गेला." त्यावर तिने दोन बोटांनी एका डोळ्याच्या पापण्या ताणून धरल्या आणि तशीच बसून राहिली. कप्तानाने चीर गेलेला दरवाजा ओळखला नाही. यान उडालं. गोल खिडकी आली. त्याला ती फ्रेम पाठ होती, कितव्या सेकंदाला येते ते माहीत होतं. त्याने ठरवलं होतं की तो पडद्याकडेच बघणार, काही झालं तरी. ग्रह डुगडुगत आला. तो मुलीकडे बघत होता. तिचे दोन्ही डोळे, एक ताणलेला आणि एक साधा, त्याला पूर्ण दिसले.

"हे आपलं नाही," कप्तान म्हणाला.

"बघितलास?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. लगेच म्हणाली.

"काय केलं हाताने?"

तिने डोळा सोडला. तो लाल झाला होता. तिने एकदा टीव्हीकडे पाहिलं, तिथे आता नुसती नावं वर सरकत होती आणि त्यांत ग्रह करणाऱ्याचं नाव नव्हतं. मग परत त्याच्याकडे.

"धरलं ना त्याने," ती म्हणाली. "पडत होतं म्हणून."

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"बरोब्बर," तो म्हणाला.